जुना छोटा ट्रॅक्टर घेताना

(द्राक्ष बागायतदारांच्या मेळाव्यात दिलेले भाषण)



मी कृषिविद्या शिकवतो. इंजिन हा माझा विषय नव्हे. तरीही आज जुन्या ट्रॅक्टरवर बोलायला उभा राहिलो, त्याचे कारण बागेतलेच आहे. आमच्या भागातील एका बागायतदाराने भाद्रपदात जुना छोटा ट्रॅक्टर घेतला. रंग ताजा, टायर काळेभोर, आवाज खणखणीत. ऑक्टोबरात गोडी छाटणी झाली, बाग फुलोऱ्यात आली आणि एका रात्री अवकाळी पाऊस झाला. सकाळी फवारणी व्हायलाच हवी होती. ट्रॅक्टर चालू होईना. ढकलून पाहिला, दुसऱ्याच्या ट्रॅक्टरने ओढून पाहिला. फवारणी तिसऱ्या दिवशी झाली, तोवर केवडा घडांवर उतरला होता. जुना घेऊन वाचवलेले पैसे त्या एका आठवड्यात गेले.

मी त्यांना विचारले, पाहायला गेलात तेव्हा इंजिन थंड होते का? ते म्हणाले, "नाही, मालकाने नुकताच शेतातून आणला होता." सारे तिथेच चुकले. इंजिनातला दाब कमी झाला असला, तरी गरम इंजिन एका किल्लीत चालू होते. थंड इंजिन मात्र खरे काय ते सांगते. म्हणून सकाळी लवकर जा आणि आपण येईपर्यंत ट्रॅक्टर चालू करू नका, असे मालकाला आदल्या दिवशीच सांगा. गेल्यावर आधी इंजिनाला हात लावून पाहा. गरम लागले तर चहा घ्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जा.

चालू करण्यापूर्वी रेडिएटरचे झाकण उघडा. हे थंड असतानाच करायचे, गरम झाल्यावर उघडाल तर तोंड भाजेल. पाण्यावर तेलाचा तवंग दिसला तर हेड गॅस्केटचा संशय घ्या. मग ऑइलची पट्टी काढा. ऑइल काळे असले म्हणून घाबरू नका, डिझेल इंजिनात ते लवकरच काळे होते. दुधाळ दिसले तर त्यात पाणी गेले आहे. पातळी खुणेच्या वर आणि वास डिझेलचा, तर डिझेल ऑइलमध्ये उतरते आहे.

आता किल्ली फिरवा. ग्लो प्लग असेल तर तो तापू द्या. सुरुवातीला थोडा पांढरा धूर येतो, तो लवकर जायला हवा. निळसर धूर टिकून राहिला तर ऑइल जळते आहे. ओझे नसताना काळा धूर येत असेल तर एअर क्लीनर, नोझल किंवा पंप पाहावा लागेल. इंजिन चालू असताना ऑइल भरण्याचे झाकण सैल करा. तिथून भकाभक वाफ येत असेल तर पिस्टन रिंगा झिजल्या आहेत. आवाजावरून निकाल देताना एक लक्षात ठेवा. युवराज 215 हा एका सिलिंडरचा, 15 अश्वशक्तीचा आहे, तो धडधडणारच. मित्सुबिशी शक्ती 180 डी तीन सिलिंडरचा आहे. त्याच्यात तसा हादरा जाणवला तर मात्र थांबा.

अवर मीटरवर फार विसंबू नका, ते बंद पडते आणि बदलताही येते. आठ वर्षांच्या ट्रॅक्टरवर 900 तास दिसले तर वर्षाला 112 तास झाले, म्हणजे आठवड्याला जेमतेम दोन. फवारणीच्या बागेत एवढ्यावर कसे भागले, असे मालकाला विचारा. क्लच पेडलचे रबर, लोअर लिंकचे गोळे, पिनांची भोके आणि पीटीओच्या शाफ्टचे दाते यांची झीज लपवता येत नाही. रंग सगळे झाकतो, झीज झाकत नाही.

यानंतर बहुतेक जण अंगणात दोन फेऱ्या मारतात आणि विसार देतात. तसे करू नका. ज्या कामासाठी घ्यायचा, ते काम त्याच्याकडून करून घ्या. आपला ब्लोअर बरोबर न्या, टाकी भरा. 600 लिटरच्या टाकीत नुसत्या पाण्याचेच सहा क्विंटल वजन होते. पीटीओ 540 फेऱ्यांवर ठेवून अर्धा तास चालवा आणि तापमानाच्या काट्याकडे लक्ष ठेवा. मग अवजार उचलून इंजिन बंद करा. ते हळूहळू खाली येणे समजू शकते, पण बघता बघता टेकले तर हायड्रॉलिकचे काम निघाले. वरच्या गिअरमध्ये ब्रेक दाबून क्लच सोडा. इंजिन बंद पडायला हवे. फिरतच राहिले तर क्लच घसरतो.

चारही चाकांनी ओढणारा ट्रॅक्टर असेल तर पुढच्या टायरचा आकडा पुस्तिकेशी ताडून पाहा. पुढच्या-मागच्या चाकांचे प्रमाण कारखान्यात ठरलेले असते. मिळाले ते टायर चढवले, की गिअर एकमेकांना ओढत राहतात आणि आतून खर्च उभा राहतो. ही गाडी डांबरी रस्त्यावर चारही चाकांवर चालवून पाहू नये. भुसभुशीत रानात पाहावे.

टेप न्यायला विसरू नका. ओळींतले अंतर नऊ फूट असले, तरी ओलांडे, फुटवे आणि ब्लोअर धरून किती जागा उरते ते मोजा. वळणाची जागाही मोजा. पीटीओ शाफ्टचे आवरण नसेल तर त्याशिवाय ट्रॅक्टर घरी आणू नका. धोतर किंवा साडीचा पदर त्यात अडकायला क्षण लागत नाही.

मिस्त्री बरोबर न्या, पण तो मालकाच्या ओळखीचा नको. तुमच्या गावात या ट्रॅक्टरचे काम कोण करतो आणि सुटे भाग कुठे मिळतात, तेही त्यालाच विचारा.

कागदांबाबत थोडक्यात. चेसिस आणि इंजिन क्रमांक स्वतः आरसी बुकाशी ताडा. बँकेचा बोजा असेल तर तिचे ना हरकत पत्र आणि नमुना 35 हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. नाव बदलण्यासाठी नमुना 29 आणि 30 वर विकणाऱ्याच्या सह्या व्यवहाराच्या वेळीच घ्या. नोंदणी 15 वर्षांची असते. ती संपत आली असेल तर नूतनीकरणाचा खर्च किमतीत धरा. विमाही आपल्या नावावर करून घ्या.

ट्रॅक्टर घरी आला, की पहिल्याच दिवशी इंजिन ऑइल आणि सर्व फिल्टर बदला. जुने ऑइल पसरट परातीत काढा आणि त्यात लोहचुंबक फिरवा. थोडी पूड चिकटेल, ती चालते. धातूचे तुकडे निघाले तर छाटणीची वाट न पाहता इंजिन खोलून घ्या.