गौरीचा तेरडा घरी रुजवावा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



ज्याची माया टिकत नाही अशा माणसाला आपण 'तेरड्याचा रंग तीन दिवस' ही म्हण लावतो. मला तो तेरड्यावर अन्याय वाटतो. आपली गौरसुद्धा तीन दिवसांचीच पाहुणी. अनुराधा नक्षत्रावर येते, ज्येष्ठावर पूजा घेते, मुळावर जाते. तेवढे दिवस तेरडा तिची सोबत करतो, हे काय थोडे झाले? पण पुढच्या वर्षी तो पुन्हा यायला हवा असेल, तर त्याचे बी शिल्लक राहिले पाहिजे. त्या बियाविषयीच आज चार शब्द सांगते.

कित्येक घरांत तेरड्याची रोपे मुळांसकट आणून त्यांचीच गौर करतात. ती मुळे म्हणजे गौरीची पावले, ही आपली श्रद्धा. तिला मी बोल लावीत नाही. परंतु तेरडा हे एका पावसाळ्याचे झाड. हळदीसारखा त्याचा कंद जमिनीत राहत नाही. पहिल्या पावसात उगवावे, श्रावण-भाद्रपदात फुलावे, बी टाकावे नि वाळून जावे, एवढेच त्याचे आयुष्य. बोंडे पिकण्याआधीच सगळी रोपे उपटली, तर पुढे तिथे काय उगवणार? शहरालगतच्या टेकड्यांवर तर घरे चढली आहेत. उरलेल्या उतारांवरचा तेरडा जुड्या होऊन बाजारात येतो. जुड्या विकणाऱ्या बायांना दोष देऊ नका. डोंगर तुडवून त्या चार पैसे मिळवतात. मागणी आपली, तेव्हा उपायही आपणच करावा.

भाद्रपद-आश्विनात बोंडे फुगून किंचित पिवळसर दिसू लागली, की बी धरावे. पिकल्या बोंडाला बोट लागले पुरे, ते तडकन फुटते, त्याच्या पाच फाका आत वळतात आणि बी हात-दोन हात दूर उडते. लिनियसने १७५३ साली नोंदवलेल्या 'इम्पेशन्स बाल्समिना' या त्याच्या नावातल्या पहिल्या शब्दाचा अर्थच मुळी 'उतावीळ'! म्हणून आधी बोंडाभोवती मूठ धरावी किंवा मलमलीची लहान पिशवी बांधावी, मग देठ तोडावा. तपकिरी, बारीक, गोल बी सावलीत वाळवून कोरड्या बाटलीत ठेवावे.

मृगाचा पाऊस पडला की पेरणी करावी. कुंडीत माती, वाळू आणि कुजलेले शेणखत घालावे. बियांवर नखभर मातीच टाकावी. मोठ्या सरींनी बी उघडे पडते, म्हणून आरंभी कुंडी वळचणीखाली असावी. आठ-दहा दिवसांत कोंब दिसतात. चार पाने आली की वीतभर अंतर ठेवून रोपे लावावीत. तेरड्याची कांडी पाणीदार. पाणी साचले तर ती कुजते, आणि पावसाने उघडीप दिली तर रोप माना टाकते. तेव्हा कुंडीचे भोक मोकळे ठेवावे आणि उघडिपीत पाणी घालावे. दोन-अडीच महिन्यांत फुले येतात. भाद्रपदाआधी अधिक मास पडला तर गौरी उशिरा येतात. त्या वर्षी निम्मे बी पंधरा दिवस मागाहून पेरावे.

एक पथ्य मात्र पाळावे. रोपवाटिकेतला दुहेरी पाकळ्यांचा तेरडा घरीच शोभतो, त्याचे बी डोंगरावर टाकू नये. तिथे तिथल्याच रानतेरड्याचे बी पडावे. आणि घरी दहा रोपे लावली, तर पाच गौरीसाठी उपटावीत, पाच बियांसाठी राखावीत.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण वाण म्हणून डब्या नि वाट्या पुष्कळ लुटल्या. यंदा तेरड्याच्या बियांची एकेक पुडी लुटू या, अशी माझी सूचना आहे. खर्च जवळजवळ नाही, आणि मृगाला अजून अवकाश असल्याने कुंडी तयार करायला प्रत्येकीला सवड मिळेल. जिच्याकडे बी असेल तिने मंडळात आणून द्यावे. पुड्या बांधायला मी येईन.