वेळेचा राखणदार



कामगार चळवळीत तीस वर्षे घालविलेल्या माणसाला आपण व्यासपीठावर बोलाविले. तो बोनस, किमान वेतन, नाही तर कंत्राटी पद्धत यांवरच बोलणार, अशी आपली अपेक्षा असणार. आज मात्र आम्ही एका मुलाविषयी आणि त्याच्या कुत्र्याविषयी बोलणार आहोत. विषय कळविला तेव्हा चालकांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. त्यांनी विषय बदलायला लावला नाही, याबद्दल प्रथम त्यांचे आभार मानतो.

आमचे शाळेतले शिक्षण सहावीपर्यंतचे. बाराव्या वर्षी आम्ही यंत्रमागावर कांड्या भरायला लागलो. इंग्रजी शिकलो ते करारांचे मसुदे आणि कोर्टाचे निकाल वाचून, शब्दकोश मांडीवर घेऊन. तेव्हा मुलांची इंग्रजी पुस्तके आमच्या वाट्याला येण्याचे कारण नव्हते. पण गेल्या पावसाळ्यात आमची नात एक पुस्तक घेऊन आली आणि म्हणाली, "आजोबा, तुम्ही वाचा आणि मला मराठीत सांगा." पुस्तकाचे नाव 'द फँटम टोलबूथ'. टोलनाका हा शब्द दिसताच आम्हांला वाटले, हे आपल्या ओळखीचे प्रकरण दिसते! पण तो नाका निराळा निघाला.

हे पुस्तक १९६१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले. लेखक नॉर्टन जस्टर हे न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात १९२९ साली जन्मलेले, धंद्याने वास्तुशिल्पी. शहरांविषयी मुलांसाठी पुस्तक लिहावे म्हणून फोर्ड प्रतिष्ठानने त्यांना अनुदान दिले होते. ते काम बाजूला राहिले आणि हे पुस्तक लिहून झाले. चित्रे काढली त्यांचे मित्र जूल्स फायफर यांनी. जस्टर २०२१ साली वारले, फायफर २०२५ साली.

गोष्ट थोडक्यात अशी. मायलो नावाचा एक मुलगा आहे. त्याला खेळणी आहेत, पुस्तके आहेत, काही कमी नाही. तरी त्याला सर्व गोष्टींचा कंटाळा. शाळेत असला की बाहेर जावेसे वाटते, बाहेर आला की आत जावेसे वाटते. एके दिवशी त्याच्या खोलीत एक मोठे पार्सल येऊन पडते. आत टोलनाका, नकाशा आणि टोल भरायला नाणी. करायला दुसरे काही नाही म्हणून तो आपली खेळण्यातली मोटार नाक्यातून नेतो आणि एका अजब मुलखात पोहोचतो. थोड्याच वेळात त्याची गाडी बंद पडते. तो प्रदेश आळशांचा. तिथे विचार करण्याला कायद्याने बंदी! तेथील रहिवासी दिवसभर डुलक्या घेतात आणि रेंगाळतात, आणि तेही वेळापत्रकाप्रमाणे.

तेवढ्यात भुंकत भुंकत एक कुत्रा येतो. त्याचे डोके, पाय, शेपूट कुत्र्याची. पण धडाच्या जागी मोठे गजराचे घड्याळ. त्याचे नाव टॉक. मायलो त्याला सहज सांगतो की आम्ही येथे नुसता वेळ मारत होतो. ते ऐकताच कुत्रा असा संतापतो की त्याचा गजरच वाजू लागतो. वेळ वाया घालविणे वाईट, आणि हा पोरगा तर वेळेचा खूनच करायला निघालेला! राग ओसरल्यावर तोच मुलाला बाहेर पडण्याची युक्ती सांगतो. विचार न केल्यामुळे तू इथे अडकलास, आता विचार कर म्हणजे गाडी चालेल. मायलो विचार करू लागतो आणि गाडी चालू लागते. तिथून पुढे कुत्रा त्याची साथ सोडत नाही.

इंग्रजीत या कुत्र्याच्या नावात कोटी आहे. 'वॉच' म्हणजे पहारा आणि 'वॉच' म्हणजे घड्याळ. नातीला ही कोटी मराठीत कशी सांगावी, या विचारात आम्ही एक रात्र काढली. मग ध्यानात आले की आपला 'पहारा' हा शब्दसुद्धा 'प्रहर' या शब्दातून आलेला आहे. राखण आणि वेळ यांची सोयरीक आपल्या भाषेतही जुनीच आहे. मग आम्ही टॉकला 'प्रहरी कुत्रा' म्हटले. नातीला ते पटले.

येथे आम्हांला आमचा मोत्या आठवला. कांड्या भरायला जात होतो त्या शेडच्या दारात हा रस्त्यावरचा कुत्रा पाळी सुटण्याच्या सुमारास येऊन उभा राही. आत आम्हांला घड्याळ दिसत नसे. दारात मोत्या दिसला की समजावे, सुटायची वेळ झाली. आपल्याकडे धर्मराजाचा कुत्राही प्रसिद्ध आहे. स्वर्गाच्या दारापर्यंत तो मागे मागे गेला आणि शेवटी कळले की तो प्रत्यक्ष धर्म होता. टॉक हाही तसाच. त्याच्या रूपाने वेळच मुलाच्या मागे चाललेली आहे. तुम्ही तिच्याशी इमान राखा, ती तुमच्याशी राखील.

आता कोणी म्हणेल, यात कामगाराचा काय संबंध? मंडळी, आमच्या चळवळीचा सगळा इतिहास म्हणजे वेळेसाठी केलेले भांडण आहे. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या वतीने ज्या मागण्या मांडल्या, त्यांत आठवड्याची सुटी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती या होत्या. रविवारची सुटी मिळायला १० जून १८९० उजाडला. शिकागोचे कामगार १८८६ च्या मे महिन्यात रस्त्यावर आले ते आठ तासांच्या दिवसासाठी. ज्याचे बारा तास यंत्रापाशी जातात त्याला "वेळ वाया घालवू नकोस" असे सांगणे ही थट्टा आहे. त्याच्यापाशी वाया घालवायला वेळच नसतो. मायलोचा कंटाळा हा सुखवस्तू घरचा कंटाळा आहे, हे आम्ही विसरलेलो नाही. म्हणून आधी तास मिळाले पाहिजेत, याविषयी आमच्या मनात तिळमात्र शंका नाही.

पण मिळालेल्या तासांची राखण कोण करणार? या प्रश्नाने आम्हांला त्या पुस्तकात गाठले.

पुस्तकात पुढे अज्ञानाचे डोंगर लागतात. तेथे एक सभ्य, नीटनेटका पोशाख केलेला गृहस्थ भेटतो. त्याला नाक, डोळे, तोंड काहीच नाही. तो मोठ्या अदबीने तिघांना कामे देतो, कारण एव्हाना हंबग नावाचा एक बढाईखोर कीटकही त्यांच्या सोबतीला आलेला आहे. मायलोने वाळूचा ढीग चिमट्याने एक एक कण उचलून दुसरीकडे न्यायचा. टॉकने डोळ्यांत औषध घालण्याच्या नळीने विहीर उपसायची. हंबगने सुईने कड्याला भोक पाडायचे. तिघेही निमूटपणे कामाला लागतात. बऱ्याच वेळाने मायलो हिशेब करतो, तेव्हा कळते की हे काम पुरे व्हायला ८३७ वर्षे लागतील! तो गृहस्थ म्हणजे क्षुल्लक कामांचा राक्षस असतो. त्याचे तत्त्वज्ञान सोपे आहे. बिनमहत्त्वाची कामे करीत राहा, म्हणजे महत्त्वाच्या कामाकडे वळण्याची पाळीच येत नाही.

हे वाचताना आम्ही थांबलो. नात म्हणाली, "आजोबा, पुढे सांगा ना." आमच्याने सांगवेना. कारण तो गृहस्थ आमच्या ओळखीचा होता. तो आमच्या युनियनच्या कचेरीत वर्षानुवर्षे बसलेला होता.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. एका कारखान्यातला तरुण कामगार आमच्याकडे आला. प्रेसच्या यंत्राला संरक्षक जाळी नाही, मालकाला सांगा, एवढेच त्याचे म्हणणे. आम्ही त्या आठवड्यात अधिवेशनाच्या तयारीत होतो. निमंत्रणपत्रिकेवर कोणाचे नाव आधी छापायचे, यावर तीन बैठका झाल्या होत्या आणि चौथी चालू होती. आम्ही त्याला म्हटले, "सोमवारी ये." तो सोमवारी आला नाही. शनिवारच्या रात्रपाळीत त्याच्या उजव्या हाताची तीन बोटे गेली होती.

जाळी न बसविणाऱ्याचा दोष कायद्याने ठरला आणि भरपाईही मिळाली. आमचा दोष कोणत्याही कायद्यात लिहिलेला नाही. म्हणून तो आम्ही येथे, आपल्यासमोर सांगतो. त्या दिवशी आम्ही आळशी नव्हतो. सकाळपासून रात्रीपर्यंत राबत होतो. चिमट्याने वाळू उचलीत होतो, इतकेच.

गोष्टीचा शेवट आपल्याला सांगितला पाहिजे. त्या मुलखातल्या दोन राजकन्यांना हद्दपार केलेले असते. त्यांची इंग्रजी नावे आम्ही नातीसाठी 'ताळ' आणि 'तंत्र' अशी केली. त्या गेल्या आणि राज्याचे ताळतंत्र सुटले. त्यांना हवेतल्या महालातून सोडवून आणणे हीच मायलोची कामगिरी. परतताना जिना तुटतो तेव्हा सर्वांना घेऊन टॉक उडतो. वेळ भुर्रकन उडून जातो असे आपण म्हणतो ना, अगदी तसा! काम फत्ते झाल्यावर राजे सांगतात की हे काम अशक्य होते, पण निघताना आम्ही ते तुला सांगितले नाही. आमचे कामगार येथे जोरात हसतील. वाटाघाटीच्या टेबलावर पहिला शब्द जो ऐकू येतो, तो हाच असतो.

मायलो घरी येतो. आपण कित्येक आठवडे बाहेर होतो असे त्याला वाटते. घड्याळात एकच तास झालेला असतो. टोलनाका पुढे दुसऱ्या मुलांकडे निघून जातो. टॉकही सोबत आलेला नसतो. तो आपल्या मुलखातच राहतो. नातीला याचे फार वाईट वाटले. आम्ही तिला म्हटले, "कुत्रा तिथे राहिला, पण त्याचे भुंकणे मायलोने बरोबर आणले."

कायदा आपल्याला तास देऊ शकतो. राखणदार कुत्रा कायद्याने मिळत नाही. तो ज्याचा त्याने पाळावा लागतो. आमच्या कचेरीत आता एक नियम आहे. यंत्राविषयी तक्रार घेऊन कोणी आला तर चालू असलेली बैठक त्याच क्षणी थांबते, मग अध्यक्षस्थानी कोणीही असो. उशिरा शिकलो, पण शिकलो.

आपण आपला एक तास आम्हांला दिलात. तो वाया गेला नसेल, अशी आशा बाळगून आम्ही आपली रजा घेतो.