ट्रेड कोणता मागायचा?

खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये कवायत, बंदूक, खंदक एवढे शिकून झाले, की रंगरूटापुढे खरा प्रश्न उभा राहतो : ट्रेड कोणता? सुतार, गवंडी, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, यंत्रचालक... आवड विचारतात, पण चाचणी आणि पलटणीची गरज पाहूनच काय ते ठरते.

आमच्या वेळी जो तो ड्रायव्हर व्हायला निघालेला. गावी गाडीवाल्याला मान ना! मी सुतारकाम मागितले, तर बराकीत हसले. पण सॅपरची लढाई बरीचशी अवजारांच्या पेटीतूनच होते. रामा राघोबा राणे १९४० साली इथलेच साधे रंगरूट. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी वाटेवरचे सुरुंग आणि अडथळे काढून त्यांनी रणगाड्यांना रस्ता करून दिला. परमवीर चक्र मिळाले ते या कामाला.

२०२२ च्या अग्निपथ योजनेने नोकरी चार वर्षांची केली. कायम करायचे ते जास्तीत जास्त २५ टक्के, असे तेव्हा ठरले. बाकीची पोरे ऐन पंचविशीत घरी. सोबत काय आणणार? ट्रेडच.

माझा पुतण्या सध्या खडकीतच आहे. त्यालाही ड्रायव्हिंगच हवे. मी दर रविवारी फोनवर वेल्डिंगचा विषय काढतो. “बघू काका,” म्हणतो.