परक्याचा नागरिक कसा होतो?



व्याख्यानमालेच्या चालकांनी अमेरिकेतील नागरिकत्वाच्या कायद्यावर बोला असे सांगितले, तेव्हा मी म्हणालो, "अहो, मी ना वकील, ना कधी अमेरिकेला गेलेला. कामगारांवर बोलायला सांगा, तासभर बोलेन." ते म्हणाले, "आपल्या गावातली किती तरी मुले तिकडे आहेत. त्यांच्या आईबापांना समजेल असे सांगा, म्हणजे झाले." तेव्हा मी होकार दिला. शिवाय विषय वाचू लागलो तसे ध्यानात आले की, हा विषय आपल्या चळवळीपासून वाटला तितका लांबचा नाही.

कायद्याचे माझे शिक्षण कामगार न्यायालयाच्या बाकावर झाले. तिथे पहिला धडा मिळाला तो असा की, कायद्यात हक्क कोणते लिहिले आहेत हे मागाहून पाहावे. ते कोणासाठी लिहिले आहेत हे आधी पाहावे. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात 'कामगार' ह्या शब्दाची व्याख्या होती. त्या एका व्याख्येवर आम्ही वर्षानुवर्षे भांडलो, कारण व्याख्येत बसला तर माणसाला सगळे काही आणि बसला नाही तर काहीच नाही. नागरिकत्वाचेही असेच आहे.

आधी आजच्या अटी सांगतो. अर्जदाराचे वय 18 वर्षे पुरे हवे. त्याच्यापाशी कायम वास्तव्याचा परवाना, म्हणजे ज्याला आपण 'ग्रीन कार्ड' म्हणतो ते, असून 5 वर्षे झालेली हवीत. नागरिकाशी विवाह झालेला असेल आणि दोघे एकत्र राहत असतील, तर 3 वर्षे पुरतात. ह्या 5 वर्षांपैकी निदान 30 महिने तो प्रत्यक्ष त्या देशात राहिलेला हवा. सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिला, तर वास्तव्य तुटले असे धरतात आणि तसे नाही हे त्यालाच सिद्ध करावे लागते. म्हणून आई आजारी असताना मुलगा पाच महिन्यांनी परत निघाला, तर त्याला लगेच निष्ठुर म्हणू नका. तो बिचारा बोटांवर दिवस मोजत असतो.

पुढची अट सद्वर्तनाची. गुन्हा केलेला नसावा, कर भरलेला असावा, खोटे बोललेला नसावा. मग इंग्रजी लिहिता, वाचता, बोलता यावे आणि त्या देशाचा इतिहास व राज्यव्यवस्था माहीत असावी. 2025 च्या ऑक्टोबरपासून येणाऱ्या अर्जांसाठी 128 प्रश्नांची यादी आहे. त्यांतले 20 पर्यंत विचारतात, 12 बरोबर आले की उत्तीर्ण. पूर्वी 100 प्रश्नांतून 10 विचारीत आणि 6 पुरत. पण वय 55 च्या पुढे आणि ग्रीन कार्डावरचे वास्तव्य 15 वर्षांचे, किंवा वय 50 आणि वास्तव्य 20 वर्षांचे असेल, तर इंग्रजीची सूट आहे. मग आपली एखादी मावशी दुभाषा घेऊन मराठीतूनही उत्तरे देऊ शकते. ही सूट पुष्कळांना ठाऊक नसते, म्हणून मुद्दाम सांगितली.

शेवटी शपथ. तिच्यात आधीच्या देशाची निष्ठा सोडावी लागते. आपला 1955 चा नागरिकत्व कायदाही सांगतो की, स्वखुशीने परक्या देशाचे नागरिकत्व घेतले की भारताचे संपले. 2005 पासून 'ओव्हरसीज सिटिझन'चे कार्ड मिळते. त्यावर येता-जाता येते, राहता येते. पण मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने मात्र ती येऊ शकते.

इतके ऐकून कोणी म्हणेल, अटी कडक आहेत, पण सर्वांना सारख्या आहेत. खरे आहे. मात्र ही 'सर्वांना' फुकट आलेली नाही. 1790 साली त्या देशाने पहिला कायदा केला. त्यात वास्तव्य अवघे 2 वर्षांचे मागितले होते. पण अर्जदार 'स्वतंत्र गोरी व्यक्ती' हवा, असे लिहिले होते. गुलामगिरी गेल्यावर, 1870 साली, आफ्रिकी वंशाच्या लोकांना त्यात घेतले. आशियातला माणूस मधल्यामध्ये राहिला.

भगतसिंग थिंड हा पंजाबी तरुण 1913 साली तिकडे गेला. त्याच वर्षी आपले बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले होते. थिंड ऑरेगॉनमधल्या लाकडाच्या गिरण्यांत राबला, 1918 साली अमेरिकेच्या सैन्यात भरती झाला. नागरिकत्व मिळाले आणि चार दिवसांत काढून घेतले. 1920 मध्ये पुन्हा मिळाले, तेव्हा सरकार अपिलात गेले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले.

आता कायद्याची गंमत पाहा. नोव्हेंबर 1922 मध्ये ताकाओ ओझावा ह्या जपानी गृहस्थाचा दावा त्याच न्यायालयाने फेटाळला होता. कारण काय दिले? कातडी उजळ असून भागत नाही, वंशशास्त्राप्रमाणे माणूस कॉकेशियन हवा. थिंडच्या वकिलांनी शास्त्राचे ग्रंथ काढून दाखवले की, उत्तर हिंदुस्थानातले लोक त्याच वंशात मोडतात. 19 फेब्रुवारी 1923 रोजी निकाल लागला : शास्त्र काय म्हणते ते सोडा, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा! तीन महिन्यांत गज बदलला. दोन्ही निकाल लिहिणारे न्यायमूर्ती जॉर्ज सदरलंड हे स्वतः इंग्लंडात जन्मलेले होते.

पण आपल्या बाजूचेही एक सत्य झाकून चालणार नाही. थिंडच्या बाजूने युक्तिवाद होता तो 'उच्च जातीचा हिंदू, शुद्ध आर्य' असा. आम्ही आमच्यातल्या खालच्यांशी रक्ताचा संबंध ठेवीत नाही, तेव्हा आम्ही तुमच्यातलेच, असा त्याचा आशय. दार मोडायच्या ऐवजी दुसऱ्याच्या खांद्यावर पाय देऊन खिडकीतून आत जायचा हा यत्न होता. ज्या भूमीत जोतिबा होऊन गेले, तिथल्या माणसाने हे वाचून मान खाली घालावी. आणि शेवटी खिडकीही उघडली नाहीच.

त्या निकालानंतर पन्नासाहून अधिक हिंदी लोकांचे मिळालेले नागरिकत्व काढून घेण्यात आले. कॅलिफोर्नियात 1913 पासून नियम होता की, ज्याला नागरिक होता येत नाही त्याला जमीन घेता येत नाही. म्हणजे कागद गेला की शेतही धोक्यात. थिंडचे एक वकील सखाराम गणेश पंडित ह्यांच्यावरही नोटीस निघाली. त्यांनी बाजू मांडली की, 1914 साली तुमच्याच न्यायालयाने मला नागरिक केले, त्यावर विसंबून मी वकिली केली, संसार मांडला, आता तुम्हाला मागे फिरता येणार नाही. 1926 साली अपील न्यायालयाने ते मान्य केले आणि पुढल्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे म्हणणे ऐकायला नकार दिला. स्वतः थिंडला नागरिकत्व मिळाले ते 1936 मध्ये, माजी सैनिक म्हणून.

आता जे सांगायचे ते मला जड जाते, पण सांगितलेच पाहिजे. हे दार लावून धरणाऱ्यांत कामगार संघटना आघाडीवर होत्या. आशियाई लोकांना बंदी करा म्हणणारा संघ 1905 साली सॅन फ्रान्सिस्कोत निघाला, तो मुख्यतः युनियनवाल्यांनी काढला. 1907 च्या सप्टेंबरात बेलिंगहॅम गावी गोऱ्या कामगारांच्या जमावाने हिंदी गिरणी कामगारांना खोल्यांतून ओढून गावाबाहेर घालवले. अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबरचे पुढारी सॅम्युएल गॉम्पर्स हे लंडनच्या गरीब ज्यू घरात जन्मले, मोठे संघटक झाले. तेही ह्या बंदीचे पुरस्कर्ते. त्यांचे म्हणणे, हे लोक कमी मजुरीवर राबतात. पण मजुरी कमी कोण देत होता? मालक! जो कामगार संघटनेत येऊ शकत नाही, मत देऊ शकत नाही, जमीन घेऊ शकत नाही, तो कमी मजुरीवर राबणार नाही तर काय करील? त्याला हक्क दिले असते, तर भाव आपोआप सारखा झाला असता.

पुढे दार उघडले. 1946 च्या कायद्याने हिंदी माणसाला नागरिक होण्याचा अधिकार आला, वर्षाला 100 जणांच्या प्रवेशाची मर्यादा ठेवून. 1949 साली नागरिक झालेले दलीपसिंग सौंद 1956 मध्ये काँग्रेसवर निवडून आले. 1952 साली वंशाची अट कायद्यातून गेली आणि 1965 साली देशवार जुना कोटाही गेला. आज आपली मुले तिकडे आहेत ती त्या उघडलेल्या दारातून.

मग आता सारे आलबेल आहे काय? नाही. नोकरीच्या आधारे वर्षाला सुमारे 1,40,000 ग्रीन कार्डे निघतात, त्यांत कुटुंबीयही आले, आणि साधारणपणे एका देशाला 7 टक्क्यांहून जास्त नाहीत. आपले अर्जदार फार, म्हणून रांग वर्षानुवर्षे हलत नाही. आणि नागरिकत्वाची 5 वर्षे मोजायची ती ग्रीन कार्ड हातात आल्यावर. तोवर एच-वन-बीवरचा मुलगा मालकाच्या दाव्याला बांधलेला. नोकरी सुटली तर बहुधा 60 दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर गाशा गुंडाळायचा. पगार मोठा असेल. पण ज्याला मालकाला 'नाही' म्हणता येत नाही, त्याला मी तरी वेठीचाच म्हणतो.

जाता जाता आपल्या घराकडे पाहू. आपल्या कायद्याप्रमाणे परक्याला नागरिक व्हायचे, तर सामान्य नियमाने अर्जापूर्वीचे 12 महिने सलग आणि त्याआधीच्या 14 वर्षांत मिळून 11 वर्षे इथे राहिलेला हवा, चारित्र्य चांगले हवे आणि आठव्या परिशिष्टातली एक भाषा यायला हवी. त्या यादीत आपली मराठी आहे. म्हणजे उद्या कोणी परका मराठी शिकून ह्या देशाचा होऊ शकतो.

तो आपल्या गल्लीत खोली शोधत आला, तर आपण त्याला काय विचारणार? त्याची जात, कातडी, की त्याचे काम? परदेशी गेलेल्या आपल्या लेकराला तिथल्या लोकांनी काय विचारावे असे आपल्याला वाटते, ते मनात आणा आणि तेच त्याला विचारा. एवढेच माझे मागणे आहे.