रोग दिसेनासा झाल्यानंतरची दोन-अडीच वर्षे



लुसी विल्स या इंग्रज डॉक्टर १९२८ साली मुंबईत आल्या. गिरणीत राबणाऱ्या बायकांना गरोदरपणात जीवघेणा पंडुरोग का होतो, याचा शोध त्यांनी परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये राहून घेतला. मार्माइटने, म्हणजे यीस्टच्या अर्काने, हा आजार हटतो असे त्यांनी १९३१ साली दाखवून दिले. अर्कातला गुणकारी घटक फॉलिक आम्ल होता, हे पुढे कळले. ब्लड कॅन्सरवरच्या औषधाची वाट इथून निघते आणि मराठी वाचकाला ती फारशी कुणी सांगितलेली नाही.

बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी ल्युकेमिया, म्हणजे ब्लड कॅन्सर, झालेल्या मुलांना फॉलिक आम्ल देऊन पाहिले, तर रोग बळावल्यासारखा दिसला. मग पेशींना हे आम्ल वापरताच येऊ नये, असे औषध द्यायचे त्यांनी ठरवले. भीमावरमला जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव तेव्हा अमेरिकेत लेडर्ली कंपनीत संशोधनाचे प्रमुख होते. अमिनोप्टेरिन त्यांच्याच पथकाकडून आले. १९४८ साली फार्बर यांनी १६ मुलांची हकिकत प्रसिद्ध केली. त्यांतली १० सुधारली होती. पण काही महिन्यांतच रोग परतला.

तो का परतला, हे आजही प्रत्येक आईबापाला नीट समजायला हवे. निदानाच्या वेळी शरीरात साधारण एक लाख कोटी रोगट पेशी असतात. पहिल्या महिन्याच्या केमोनंतर मूल हसू-खेळू लागते, काउंट सुधारतात, बोनमॅरोचा अहवाल स्वच्छ येतो. डॉक्टर त्याला रेमिशन म्हणतात. तरीही हजार कोटींपर्यंत पेशी दडून राहिलेल्या असू शकतात.

मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयात डोनाल्ड पिंकेल यांनी १९६०च्या दशकात या दडलेल्या पेशींनाच लक्ष्य केले. अनेक औषधे एकत्र दिली, मेंदूभोवती लपणाऱ्या पेशींसाठी वेगळे उपचार केले आणि मूल बरे दिसू लागल्यावरही औषध दोन-तीन वर्षे चालू ठेवले. निम्मी मुले कायमची बरी होऊ लागली. आज श्रीमंत देशांत लिंफोब्लास्टिक ल्युकेमियाची सुमारे ९० टक्के मुले वाचतात. या उपचारातले एक महत्त्वाचे औषध, व्हिन्क्रिस्टीन, आपल्या अंगणातल्या सदाफुलीपासून मिळते. (पाने वाटून पिण्याचा सल्ला मात्र कुणीही देऊ नये, झाड विषारी आहे.)

मोठ्यांचे चित्र इतके सरळ नाही. ल्युकेमियाच्या तीव्र मायलॉइड प्रकारात साठीच्या आतले ३५ ते ४० टक्के रुग्ण बरे होतात. साठीनंतर हे प्रमाण ५ ते १५ टक्क्यांवर येते. त्यातल्याच प्रोमायलोसायटिक या उपप्रकाराने मात्र साऱ्यांना चकित केले. ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनलेले औषध आणि आर्सेनिक एवढ्यावर, केमोशिवाय, २०१३च्या युरोपीय चाचणीत ९९ टक्के रुग्ण दोन वर्षांनंतर जिवंत होते. मात्र हा रुग्ण पहिल्या काही दिवसांतच रक्तस्रावाने जाऊ शकतो. म्हणून संशय आला की पक्क्या अहवालाची वाट न पाहता औषध सुरू करावे लागते.

आपल्याकडे, परळच्या टाटा रुग्णालयात १९८३ साली डॉ. सुरेश अडवाणी यांनी देशातले पहिले बोनमॅरो प्रत्यारोपण केले. त्याच रुग्णालयाच्या आणि आयआयटी मुंबईच्या कामातून आलेल्या नेक्सकार-१९ या पेशी-उपचाराला ऑक्टोबर २०२३मध्ये परवानगी मिळाली. दोन्हींचा अभिमान वाटावा. पण बातमी अशा उपचारांची होते, रोग परतू नये म्हणून घरी रोज रात्री घ्यायच्या सिक्स-एमपी या केमोच्या गोळीची होत नाही. अमेरिकेतल्या एका अभ्यासात ९५ टक्क्यांपेक्षा कमी गोळ्या घेणाऱ्या मुलांमध्ये रोग उलटण्याचा धोका अडीच पटींहून जास्त निघाला.

नांदेड-जालन्याकडून परळला आलेले कुटुंब औषध सोडते ते बेफिकिरीने नव्हे. शेतीची कामे, दुसरी लेकरे, बुडालेली मजुरी, गाडीभाडे, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळते की नाही याचा घोर, आणि समोर ठणठणीत दिसणारे मूल. टाटामध्ये २००९च्या सुमारास मुलांच्या कॅन्सरचे उपचार नाकारणाऱ्या किंवा अर्धवट सोडणाऱ्यांचे प्रमाण २० टक्क्यांच्या घरात होते. राहण्याची सोय, पैशांची मदत, समुपदेशन आणि न आलेल्यांचा पाठपुरावा सुरू झाल्यावर ते काही वर्षांत एक आकडी झाले. यासाठी नवे औषध लागले नाही.

विज्ञानलेखकांच्या या परिषदेने यंदा एक पुस्तिका हाती घ्यावी: घरी परतलेल्या मुलासाठी, वऱ्हाडातल्या आजीलाही वाचता येईल अशा मराठीत. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत तापाबद्दल लिहावे. उपचार चालू असताना ताप १००.४च्या वर गेला, तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहायची नाही. पांढऱ्या पेशी कमी असताना जंतुसंसर्ग काही तासांत जीव घेऊ शकतो. रात्री दोन वाजले असले तरी फाइल घेऊन जवळचे मोठे रुग्णालय गाठायचे आणि दारातच सांगायचे, “केमो चालू आहे.”