जुने पासबुक



आईची पेटी आवरताना तळाशी एक पासबुक सापडले. 1974 साली रेडकू विकून वडिलांनी आमच्या धाकट्या बहिणीच्या नावे 50 रुपये ठेवले होते. आम्हां कोणाला पत्ताच नव्हता!

बँकेत गेलो. "या नावाचे खाते नाही," म्हणाले. आमच्यासारख्या हेडमास्तराची ही अक्कल! आम्ही सासरचे नाव सांगत होतो. खाते माहेरच्या नावाने. बायाबापड्यांनो, हे ध्यानात असू द्या.

दहा वर्षे खाते हलले नाही, तर बँक ते पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा करते. 2014 पासून अशी रीत आहे. पण पैसे बुडत नाहीत. ते आपल्याच बँकेत मागायचे. बँक दुसरीत विलीन झाली असेल तर त्या दुसरीत. देना बँक 2019 साली बँक ऑफ बडोदात गेली, तशी. पासबुक हरवले असले, तर रिझर्व्ह बँकेचे 'उद्गम' संकेतस्थळ आहे, 2023 साली निघालेले. घरातल्या पोरांकडून त्यावर नाव शोधून घ्यावे.

आम्ही लग्नाचा दाखला जोडून अर्ज दिला आहे. पैसे यायचे आहेत.

आम्हांला शाळेत घातले, बहिणीला नाही. ती याच वर्गात वाचायला शिकली. परवा पासबुकावर बोट ठेवून तिने आधी स्वतःचे नाव वाचले, मग वडिलांचे.