जुना कर्णा, नवं खोकं



लवळ्यात लग्नकार्यात वाजलेले कर्णे आता माळ्यावर पडलेत. भंगारात देण्याआधी दोन शब्द ऐका.

कर्ण्यात बहुधा बिघडतो तो युनिटमधला पडदा. त्याची तार जळते. मल्टिमीटर लावा, सोळा ओहमच्या युनिटला त्याहून थोडे कमी ओहम दिसले, तर तार शाबूत. नवा पडदा बसवताना चुंबकाच्या फटीतला लोखंडी कीस चिकटपट्टीनं काढा, नाहीतर आवाज खरखरतो.

खर्ज मात्र कर्ण्याला जमत नाही. १०० हर्ट्झची ध्वनिलहर ३.४ मीटर लांब. ती नीट फेकायला तोंड मीटरभराहून रुंद हवं. म्हणून भाषण गावभर पोचतं, ढोलाचा घुमारा नाही. त्यासाठी मी १८ मिमी प्लायवुडचं हवाबंद खोकं करून बारा इंची स्पीकर बसवतो. कर्ण्याच्या तारेत कपॅसिटर घालतो. खालचे सूर अडतात, पडदा वाचतो.

हे काम जाणणारे हात कमी होताहेत. शाळेच्या कोठीतले दोन्ही कर्णे मी मुलांना हाताशी घेऊन दुरुस्त करीन. गुरुजी, परवानगी द्या. येत्या २६ जानेवारीच्या सूचना त्यांतूनच ऐकू येऊ देत.